जुन्या सी कोडमध्ये सीटॅग्ज कसं वापरायचं

साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं काम. उसाची गाडी काट्यावर चढते, इंडिकेटर सिरियल पोर्टवरून वजनाचे आकडे पाठवतो, प्रोग्रॅम ते वाचतो, भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करतो आणि पावती छापतो. काम एवढंच. पण हा कोड सी भाषेतला आहे, वर्षानुवर्षं अनेक हातांनी लिहिलेला आहे, आणि दर कारखान्याची पावती वेगळी म्हणून दर कारखान्याचं फोल्डरही वेगळं आहे. गळीत हंगाम सुरू झाला की दुरुस्ती बहुतेक वेळा काट्याच्या केबिनमध्ये बसूनच करावी लागते. तिथे नेट मिळेल याचा भरवसा नसतो आणि कोड कंपाइल करायची पूर्ण व्यवस्था फक्त ऑफिसातल्या मशीनवर असते.

अशा वेळी सतत एकच प्रश्न पडतो. समोरच्या ओळीत रीड_वेट हे फंक्शन कॉल केलंय, पण ते लिहिलंय कुठे? सीटॅग्ज हे कमांड-लाइन टूल याच प्रश्नासाठी आहे. ते सगळा सोर्स कोड एकदा चाळतं, फंक्शन, स्ट्रक्ट, मॅक्रो, टाइपडेफ, ग्लोबल व्हेरिएबल यांच्या डेफिनिशन कुठे आहेत ते टिपून घेतं आणि टॅग्ज नावाची एक साधी टेक्स्ट फाइल तयार करतं. पुढे एडिटर त्या फाइलवरून थेट त्या जागी नेऊन सोडतो. कंपाइलर लागत नाही, कोड अर्धवट असला तरी चालतं, मागे कुठला सर्व्हर सुरू ठेवावा लागत नाही.

कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलवर त्या नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. कॅपिटल अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी कोणतं सीटॅग्ज आहे ते बघा

सीटॅग्ज या एकाच नावाचे अनेक प्रोग्रॅम आहेत आणि सुरुवातीची बरीचशी डोकेदुखी तिथूनच येते. मूळ सीटॅग्ज केन अरनॉल्ड यांनी लिहिलं. बर्कलेच्या बीएसडी युनिक्सच्या ३.० आवृत्तीत, म्हणजे १९७९ च्या सुमारास ते लोकांपर्यंत पोचलं. त्यात पास्कल भाषेची सोय केली होती बिल जॉय यांनी, ज्यांनी व्हीआय एडिटर लिहिला तेच. १९९६ मध्ये डॅरन हीबर्ट यांनी एक्झुबरंट सीटॅग्ज आणलं आणि पुढची बरीच वर्षं सगळे तेच वापरत होते. त्याची ५.८ ही आवृत्ती २००९ ची; त्यानंतर काम थांबलं. मग काही जणांनी त्याच कोडवरून युनिव्हर्सल सीटॅग्ज सुरू केलं. मासाताके यामातो आणि त्यांचे सहकारी ते आजही सांभाळतात. आपल्याला हवं ते हेच.

तपासायला:

सीटॅग्ज --व्हर्जन

पहिल्या ओळीत युनिव्हर्सल सीटॅग्ज असं आलं की झालं. मॅकवर ॲपलच्या डेव्हलपर टूल्सबरोबर जुनं बीएसडीवालं सीटॅग्ज येतं. त्याला हा पर्याय कळतच नाही, ते 'इल्लीगल ऑप्शन' म्हणून अडून बसतं. ईमॅक्स या एडिटरबरोबरही याच नावाचा वेगळा प्रोग्रॅम येतो. डेबियन आणि उबंटूवर पॅकेजचं नाव युनिव्हर्सल-सीटॅग्ज असं आहे, ते ॲप्टने टाका. मॅकवर याच नावाने ब्रूमधून मिळतं. डेबियनवर एक्झुबरंटचंही पॅकेज आहे. जुन्या लेखांत तेच टाकायला सांगितलेलं असतं, ते करू नका. खाली सांगितलेल्या निम्म्या गोष्टी त्यात नाहीत.

पहिली टॅग्ज फाइल

प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरात जा आणि कॅपिटल आर देऊन चालवा:

सीटॅग्ज -आर .

काही न बोलता प्रॉम्प्ट परत येईल आणि त्याच फोल्डरात टॅग्ज नावाची फाइल दिसेल. बरेच जण इथून थेट एडिटरकडे वळतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी ती फाइल उघडा आणि वाचा. पुढे काहीही बिघडलं तरी त्याचं कारण याच फाइलमध्ये डोळ्यांनी दिसतं, आणि ती वाचायला पाच मिनिटांत जमते.

एक ओळ नीट बघू

आमच्या कोडमधली एक ओळ अशी आहे. दोन रकान्यांच्या मध्ये टॅब असतो, तो मी बाणाने दाखवते:

रीड_वेट → एसआरसी/सिरियल.सी → /^इंट रीड_वेट(इंट एफडी, स्ट्रक्ट इंडिकेटर *इंड)$/;" → एफ → टाइपरेफ:टाइपनेम:इंट

पहिला रकाना नाव. दुसरा फाइलचा मार्ग, आणि तो टॅग्ज फाइल जिथे आहे तिथपासून मोजलेला. तिसरा रकाना नीट बघा. तिथे ओळीचा क्रमांक नाही, शोधायचा पॅटर्न आहे. टोपीचं चिन्ह म्हणजे ओळीची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट, आणि मध्ये अख्खी ओळ जशीच्या तशी. हे मुद्दाम असं ठेवलेलं आहे. तुम्ही फाइलच्या वरच्या भागात पन्नास ओळी वाढवल्यात तर क्रमांक चुकला असता, पॅटर्न चुकत नाही. म्हणून टॅग्ज फाइल थोडी शिळी झाली तरी बऱ्यापैकी काम देते. ज्यांना क्रमांकच हवेत त्यांच्यासाठी लहान एन हा पर्याय आहे. मी तो वापरत नाही.

पॅटर्ननंतर अर्धविराम आणि दुहेरी अवतरण येतं, ते बघून नवखा माणूस गोंधळतो. एक्स या व्हीआयच्या मुळाशी असलेल्या एडिटरच्या भाषेत दुहेरी अवतरणापासून पुढचं सगळं कॉमेंट धरलं जातं. त्यामुळे फार जुन्या व्हीआयला पुढचे रकाने दिसतच नाहीत आणि तो न अडखळता काम करतो, नवे एडिटर मात्र ते वाचतात. पुढचा एफ म्हणजे फंक्शन. स्ट्रक्टला एस, स्ट्रक्टच्या मेंबरला एम, मॅक्रोला डी, टाइपडेफला टी. शेवटच्या रकान्यात फंक्शन काय परत देतं ते आहे. फंक्शन स्टॅटिक असेल तर फाइल: असा आणखी एक रकाना येतो, म्हणजे हे नाव त्या फाइलपुरतंच आहे.

फाइलच्या अगदी वर उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी असतात. त्यांत सॉर्टेड शब्द असलेली ओळ महत्त्वाची. तिथे १ असेल तर फाइल नावांच्या क्रमाने लावलेली आहे, ० असेल तर नाही, २ असेल तर कॅपिटल-स्मॉलचा भेद न करता लावलेली आहे. क्रम असल्यामुळे एडिटर अख्खी फाइल वाचत बसत नाही, मधोमध उघडून मागे-पुढे सरकत नाव गाठतो. म्हणून लाखो ओळींची फाइलही क्षणात उत्तर देते. याच कारणासाठी टॅग्ज फाइलमध्ये हाताने ओळी घुसवू नका. क्रम बिघडला की व्हिम हा एडिटर 'टॅग्ज फाइल नॉट सॉर्टेड' अशी तक्रार करतो.

एखादं नाव सापडत नसेल तर एडिटरशी झगडण्याआधी हे करा:

ग्रेप '^रीड_' टॅग्ज

ओळ आली तर दोष एडिटरच्या सेटिंगमध्ये. नाही आली तर सीटॅग्जला ती डेफिनिशन दिसलीच नाही, आणि मग ती का दिसली नाही एवढंच शोधायचं उरतं. हे दोन भाग वेगळे केले की निम्मी अडचण तिथेच सुटते.

व्हिममधल्या हालचाली

मी व्हिम वापरते, म्हणून तेच सांगते. कर्सर नावावर ठेवा, कंट्रोल दाबून उजवा चौकोनी कंस दाबा: डेफिनिशनवर पोचाल. कंट्रोल-टी दाबलं की आलात तिथे परत. तीन-चार फंक्शनं खोल गेलात तरी कंट्रोल-टी एकेक पायरी मागे आणतं, आणि कोलन टॅग्ज म्हटलं की आतापर्यंतची वाट यादीसारखी दिसते. मूळ जागा डोळ्यासमोर ठेवायची असेल तर कंट्रोल-डब्ल्यू आणि मग उजवा चौकोनी कंस. डेफिनिशन वेगळ्या खिडकीत उघडते. नाव अर्धवटच आठवत असेल तर कोलन टॅग, जागा, तिरकी रेघ आणि आठवतो तेवढा तुकडा. 'वेट' एवढंच दिलं तरी तो तुकडा असलेली नावं मिळतात. टाइप करताना, म्हणजे इन्सर्ट मोडमध्ये, कंट्रोल-एक्स आणि पाठोपाठ कंट्रोल दाबून उजवा चौकोनी कंस दिला तर टॅग्ज फाइलमधली नावं सुचवली जातात.

व्हिमआरसीमध्ये, म्हणजे व्हिमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, एक ओळ हवीच:

सेट टॅग्ज=./टॅग्ज;,टॅग्ज

यातला अर्धविराम फार मोलाचा आहे. त्यामुळे व्हिम चालू फाइलच्या फोल्डरपासून एकेक फोल्डर वर चढत टॅग्ज शोधतो. तो नसेल तर खोलवरच्या फोल्डरात व्हिम उघडल्यावर 'नो टॅग्ज फाइल' असा एरर येतो, आणि माणूस टॅग्ज फाइल परत परत बनवत बसतो.

आणखी एक संदेश कधीतरी दिसेल: 'कुडन्ट फाइंड टॅग, जस्ट गेसिंग'. अर्थ असा की डेफिनिशनची ओळच बदलली आहे, बहुधा एखादा पॅरामीटर वाढलाय, त्यामुळे पॅटर्न जुळला नाही आणि व्हिमने नावावरून अंदाज बांधला. अंदाज बहुतेक बरोबर असतो. पण हा संदेश आला की टॅग्ज फाइल नवी करायची वेळ झाली असं समजा.

ईमॅक्सवाल्यांनी सीटॅग्जला लहान ई द्यावा. त्यांची फाइल कॅपिटल अक्षरांतल्या टॅग्ज नावाने बनते आणि मेटा-टिंब दाबून डेफिनिशनवर जाता येतं. मॅकची फाइल सिस्टिम सहसा कॅपिटल-स्मॉलचा फरक करत नाही, तेव्हा तिथे दोन्ही फाइली एका फोल्डरात ठेवू नका, एक दुसरीला पुसून टाकेल.

एका नावाची अनेक फंक्शनं

आमच्याकडे प्रिंट_स्लिप जवळपास प्रत्येक कारखान्याच्या फोल्डरात आहे. कंट्रोल आणि कंस दाबल्यावर व्हिम त्यांतल्या एकावर जातो, आणि कुठल्या ते त्याच्या ठरलेल्या क्रमावर असतं: आधी चालू फाइलमधलं स्टॅटिक, मग चालू फाइलमधलं ग्लोबल, मग दुसऱ्या फाइलमधलं ग्लोबल, शेवटी दुसऱ्या फाइलमधलं स्टॅटिक. हा क्रम माहीत नसला की एका कारखान्याची पावती दुरुस्त करायला निघालेला माणूस दुसऱ्याच कारखान्याच्या फाइलमध्ये जाऊन बदल करतो. म्हणून अशा कोडमध्ये जी आणि उजवा चौकोनी कंस वापरायची सवय लावा. सगळ्या जागांची क्रमांकासह यादी येते, फाइलचं नाव वाचून क्रमांक द्यायचा. हातात आलेला प्रोजेक्ट नवा असेल तर आधी हे चालवा:

कट -एफ१ टॅग्ज | युनिक -डी

एकाहून जास्त ठिकाणी असलेली सगळी नावं समोर येतात. टॅग्ज फाइल आधीच क्रमाने असल्यामुळे मध्ये सॉर्ट लागत नाही. स्ट्रक्टच्या मेंबरांची नावंही यात येतील, ती सोडून द्या. फंक्शनांची नावं मात्र कागदावर उतरवून घ्या. कॉपी करून वाढवलेल्या कोडची खरी ओळख या यादीतून होते.

नको त्या फाइली गाळा

सगळं फोल्डर सरसकट चाळलं की बिल्डमध्ये तयार झालेल्या फाइली, बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्या, जुन्या बॅकअपच्या प्रती असं सगळं आत येतं. --एक्सक्लूड=बिल्ड असं देऊन एकेक फोल्डर गाळता येतं. पण कोड गिटमध्ये असेल तर यादी गिटकडूनच घेणं जास्त बरं:

गिट एलएस-फाइल्स | सीटॅग्ज -एल -

एल कॅपिटल. त्यापुढचा डॅश म्हणजे फाइलींची यादी पाइपमधून घे. जे गिटमध्ये नाही ते टॅग्जमध्ये नाही. नुकतीच बनवलेली आणि अजून ॲड न केलेली फाइलही हवी असेल तर एलएस-फाइल्सला --कॅश्ड --अदर्स --एक्सक्लूड-स्टँडर्ड असे तीन पर्याय द्या.

आपल्याकडे यात एक खास अडचण येते. फाइलचं किंवा फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर गिट ते तसंच न छापता अवतरणात घालून आकड्यांच्या सांकेतिक रूपात छापतं. सीटॅग्जला त्या नावाची फाइल सापडत नाही आणि तेवढा भाग टॅग्जमधून सुटतो. आमच्या काही फोल्डरांना गावांची नावं मराठीत दिलेली आहेत, म्हणून मी ही सेटिंग बंद ठेवूनच यादी घेते:

गिट -सी कोअर.कोटपाथ=ऑफ एलएस-फाइल्स | सीटॅग्ज -एल -

हेडर फाइली

सीटॅग्ज डॉट एच फाइल सी++ ची समजतं. शुद्ध सी प्रोजेक्टमध्ये त्याचा त्रास असा की सी साठी दिलेले पर्याय हेडरला लागूच होत नाहीत. --लँगमॅप=सी:+.एच एवढं दिलं की हेडर सी मध्ये जमा होतात.

फंक्शनचे प्रोटोटाइप सीटॅग्ज मुळात घेत नाही, आणि ते योग्यच आहे. घेतले असते तर प्रत्येक नावाला दोन जागा झाल्या असत्या. अपवाद अशा लायब्रऱ्यांचा, ज्यांचं फक्त हेडर आपल्याकडे असतं. सिरियल पोर्टच्या कामात टर्मिओसची, म्हणजे पोर्टच्या सेटिंग करणारी सिस्टिमची फंक्शनं सारखी लागतात. त्यांच्यासाठी मी --काइंड्स-सी=+पी देऊन सिस्टिमच्या हेडरांची वेगळी टॅग्ज फाइल एकदाच बनवून ठेवते आणि व्हिमच्या टॅग्ज सेटिंगमध्ये स्वल्पविराम देऊन ती शेवटी जोडते. कोणत्या भाषेत कोणकोणते प्रकार मिळतात आणि त्यांतले कोणते मुळात बंद असतात, हे --लिस्ट-काइंड्स-फुल=सी विचारलं की कळतं.

मॅक्रोच्या आड लपलेली फंक्शनं

इथे जरा थांबा, कारण सीटॅग्ज 'अपुरं आहे' असं म्हणून सोडून देणारे लोक बहुतेक इथेच सोडतात.

सीटॅग्ज प्रीप्रोसेसर चालवत नाही, कोड जसा लिहिलाय तसा वाचतं. आमच्या कोडमध्ये काट्याच्या प्रत्येक कमांडचं फंक्शन असं लिहिलेलं आहे: हँडलर(टेअर), आणि खाली महिरपी कंसात त्याचं काम. हँडलर हा मॅक्रो आहे; तो उलगडला की हँडल_टेअर नावाचं फंक्शन तयार होतं. बाकीच्या कोडमध्ये सगळीकडे हँडल_टेअरच दिसतं, पण त्या नावाची डेफिनिशन अक्षरशः कुठेच लिहिलेली नाही. ग्रेपलाही सापडत नाही, सीटॅग्जलाही नाही.

युनिव्हर्सल सीटॅग्जला हा मॅक्रो शिकवता येतो. कॅपिटल डी, आणि त्याला चिकटूनच:

-डी'हँडलर(एन)=इंट हँडल_##एन(व्हॉइड)'

जीसीसीला मॅक्रो देतो तसंच. पॅरामीटर, नावं जोडणारी दुहेरी चौकट, मॅक्रोच्या आत मॅक्रो, सगळं त्याला समजतं. यानंतर टॅग्ज फाइलमध्ये हँडल_टेअर या नावाची ओळ येते आणि ती हँडलर(टेअर) लिहिलेल्या जागी नेते. एका ओळीने आमच्या सगळ्या कमांड हाताशी आल्या.

उलटा प्रकारही होतो. फंक्शनच्या आजूबाजूला एखादा मॅक्रो असा बसलेला असतो की सीटॅग्ज त्यालाच फंक्शन समजतं, नाहीतर गोंधळून फंक्शन सोडूनच देतं. त्यासाठी कॅपिटल आय: त्याच्यापुढे दिलेली नावं सीटॅग्ज नसल्यासारखी धरतं. नावापुढे अधिकचं चिन्ह दिलं तर नावानंतर येणारा कंसही गाळला जातो. जीसीसीच्या ॲट्रिब्यूटसाठी हे हमखास लागतं.

हे फक्त आमच्यासारख्या छोट्या कोडचं दुखणं नाही. लिनक्स कर्नलमध्ये रीड हा सिस्टिम कॉल एफएस फोल्डरातल्या रीड_राइट.सी या फाइलमध्ये सिसकॉल_डिफाइन३ या मॅक्रोने लिहिलेला आहे. सिस_रीड असं तिथे लिहिलेलं दिसत नाही. म्हणून कर्नलवाल्यांनी स्क्रिप्ट्स फोल्डरात टॅग्ज.एसएच नावाची स्क्रिप्ट ठेवली आहे. तिच्यात अशा मॅक्रोंसाठी रेग्युलर एक्स्प्रेशनची मोठी यादी आहे. कर्नलच्या मूळ फोल्डरात मेक टॅग्ज म्हटलं की तीच चालते आणि ज्या आर्किटेक्चरसाठी काम चाललंय त्याचाच कोड घेते. कर्नल वाचायचं असेल तर तिथे सरळ कॅपिटल आर चालवू नका, मेक टॅग्ज वापरा. आणि ती स्क्रिप्ट एकदा उघडून बघा. आपल्या प्रोजेक्टला काय शिकवायचं हे तिच्यातून चांगलं कळतं.

पुढची पायरी म्हणजे सीटॅग्जला माहीतच नसलेली फाइल. आमचे पावतीचे नमुने स्वतःच्याच साध्या भाषेत लिहिलेले असतात. डॉट एसएलपी फाइल, आणि तिच्यात @सेक्शन शब्दाने सुरू होणारे भाग: मथळा, वजनं, सह्या. त्यासाठी चार ओळी पुरल्या:

--लँगडेफ=स्लिप
--मॅप-स्लिप=+.एसएलपी
--काइंडडेफ-स्लिप=एस,सेक्शन,सेक्शन्स
--रेजेक्स-स्लिप=/^@सेक्शन +([^ ]+)/\१/एस/

पहिली ओळ भाषेला नाव देते, दुसरी तिचं एक्स्टेंशन सांगते, तिसरी टॅगचा प्रकार, आणि चौथी ओळ कसा शोधायचा तो नमुना. गोल कंसात पकडलेलं नाव तिरक्या रेघेपुढच्या एकने टॅग्जमध्ये जातं. आता सी कोडमध्ये एखाद्या सेक्शनचं नाव दिसलं की त्यावरून थेट पावतीच्या नमुन्यात जाता येतं. दोन भाषांमधली अशी उडी तयार एडिटर सहसा देत नाहीत. कारण ती सवय आपल्या प्रोजेक्टची आहे, भाषेची नाही.

हे सगळे पर्याय दरवेळी टाइप करायचे नाहीत. प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरात .सीटॅग्ज.डी नावाचं फोल्डर करा आणि त्यात .सीटॅग्ज एक्स्टेंशनची फाइल ठेवा, एका ओळीत एक पर्याय. शेलसाठी लागणारी अवतरणं इथे द्यायची नाहीत. घरच्या फोल्डरातली अशीच जागा तुमच्या सगळ्या प्रोजेक्टना लागू होते. एक्झुबरंटच्या काळातली घरच्या फोल्डरातली .सीटॅग्ज ही फाइल मात्र युनिव्हर्सल वाचत नाही. जुन्या सेटिंग अचानक लागू व्हायच्या थांबल्या असतील तर कारण हेच. प्रोजेक्टमधली ही फाइल गिटमध्ये कमिट करा. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीला कोडची वळणं समजावताना मी तीच फाइल आधी उघडते.

टॅग्ज ताजी ठेवणं

टॅग्ज फाइल स्वतः मात्र कमिट करायची नाही. ती प्रत्येकाच्या मशीनवर बनते आणि कमिट केली तर दर मर्जला भांडण होतं. गिटच्या आतल्या इन्फो फोल्डरातल्या एक्सक्लूड फाइलमध्ये /टॅग्ज अशी ओळ घाला. सुरुवातीची तिरकी रेघ विसरू नका, नाहीतर खालच्या कुठल्याही फोल्डरातली टॅग्ज नावाची गोष्ट गाळली जाईल.

मग गिटच्या हुक्स फोल्डरात पोस्ट-चेकआउट, पोस्ट-मर्ज आणि पोस्ट-कमिट या तीन नावांनी एकच स्क्रिप्ट ठेवा आणि तिला चालवायची परवानगी द्या:

#!/बिन/एसएच
(गिट -सी कोअर.कोटपाथ=ऑफ एलएस-फाइल्स | सीटॅग्ज -एल - -एफ टॅग्ज.$$ && एमव्ही टॅग्ज.$$ टॅग्ज) >/डेव्ह/नल २>&१ &

आधी वेगळ्या नावाने बनवून मग जागेवर ठेवल्यामुळे एडिटरच्या हाती अर्धी फाइल कधीच लागत नाही. शेवटच्या अँडमुळे काम मागे चालतं, कमिट अडत नाही. दोन डॉलरमुळे प्रत्येक वेळी नाव वेगळं होतं, त्यामुळे दोन हुक एकदम चालले तरी एकमेकांच्या फाइलवर लिहीत नाहीत. लहान एफनंतर चुकून सोर्स फाइलचं नाव दिलंत तरी घाबरू नका: सीटॅग्ज 'ही टॅग फाइल दिसत नाही, मी तिच्यावर लिहिणार नाही' असं म्हणून थांबतं.

जे सीटॅग्ज करत नाही

डेफिनिशन कुठे आहे एवढंच ते सांगतं. फंक्शन कुठून कुठून कॉल होतं हे हवं असेल तर गिट ग्रेपला लहान डब्ल्यू देऊन पूर्ण शब्द शोधा. सी कोड मोठा असेल तर सीस्कोप बघा, ते कॉल करणाऱ्यांचीही नोंद ठेवतं.

फंक्शन पॉइंटरपाशीही ते थांबतं. आमच्याकडे दर कंपनीच्या इंडिकेटरची वजन पाठवायची पद्धत वेगळी, म्हणून कोडमध्ये इंड->रीड असा कॉल आहे आणि रीडमध्ये प्रत्यक्षात कुठलं फंक्शन आहे हे प्रोग्रॅम चालतानाच ठरतं. सीटॅग्ज तुम्हाला स्ट्रक्टच्या मेंबरपर्यंत नेईल, त्यापुढे नाही. रीडला कुठे कुठे काय दिलंय ते गिट ग्रेपनेच शोधावं लागतं.

ऑफिसमध्ये मी क्लँगडीसुद्धा वापरते, म्हणजे क्लँग कंपायलरच्या मदतीने कोड समजून घेऊन एडिटरला उत्तरं देणारा प्रोग्रॅम. ते टाइप ओळखतं, नाव बदलून देतं, चुका दाखवतं. पण त्याला कोड कसा कंपाइल होतो याची नीट माहिती द्यावी लागते, आणि जुन्या क्रॉस-कंपायलरच्या कोडसाठी ती जमवणं हेच एक काम होऊन बसतं. सीटॅग्जला यातलं काहीच लागत नाही, म्हणून दोन्ही ठेवते.

केबिनमध्ये नेताना

टॅग्जमधले मार्ग सापेक्ष असल्यामुळे अख्खं फोल्डर टॅग्ज फाइलसकट पेनड्राइव्हवर घ्या आणि कुठेही उतरवा, ती तशीच चालते. तिथल्या मशीनवर सीटॅग्ज असण्याची गरज नाही. टर्मिनलवरून थेट फंक्शन उघडायचं असेल तर व्हिम -टी रीड_वेट. व्हिम नसेल आणि फक्त वाचायचं असेल तर लिनक्सवरच्या नेहमीच्या लेस प्रोग्रॅमलाही टॅग्ज कळतात: लेस -टी रीड_वेट म्हटलं की फाइल बरोबर त्या ओळीवर उघडते, आणि त्याच नावाच्या आणखी जागा असतील तर आत लहान टी दाबून पुढच्या जागेवर जाता येतं, कॅपिटल टी दाबून मागच्या. हे चालवताना टॅग्ज असलेल्या मूळ फोल्डरातच उभं राहायचं, कारण लेस टॅग्ज फाइल चालू फोल्डरात शोधतो.

आणि निघण्याआधी ज्या फाइलमध्ये काम आहे तिची यादी कागदावर घ्या:

सीटॅग्ज -एक्स --काइंड्स-सी=एफ एसआरसी/सिरियल.सी

नाव, प्रकार, ओळीचा क्रमांक, फाइल आणि डेफिनिशनची ओळ असे सरळ रकाने छापले जातात. काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना आणि मालक खिडकीशी उभा असताना हा एक कागद हाताशी असला की कुठून सुरुवात करायची ते लगेच कळतं.